नौका घेण्यापूर्वी आज्ञापत्र वाचावे

१/ पहिल्यांदाच यॉट घेणारा तिची लांबी आणि किंमत आधी विचारतो. शिवकालीन आरमाराविषयी आपणही गलबतांची संख्याच मोजत बसतो. माझ्या मते खरे शहाणपण अन्यत्र आहे.

२/ १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आली आणि तेथे जहाजबांधणी आरंभली. काम रुय लैतांव व्हियेगस या पोर्तुगीज कारागिराकडे होते. वसईच्या पोर्तुगीजांनी फितवताच तो आपल्या माणसांसह निघून गेला. भरवशाची माणसे नसतील, तर जहाज अर्धेच आपले.

३/ रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र (सु. १७१५) पुढची शिकवण देते. जहाज फार थोर नको, फार लहानही नको. वाऱ्यावाचून अडून बसेल असे तर नकोच. आरमाराचा खर्च लुटीच्या भरवशावर न ठेवता नेमून दिलेल्या उत्पन्नातून चालवावा. पावसाळ्यापूर्वी सुरक्षित बंदरी छावणी करावी. लाकूड हवे म्हणून रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये.

४/ समुद्रापासून दूर, पूर्णेकाठीही हे पटते. आकार, माणसे, नित्याचा खर्च आणि पावसाळ्यातला ठाव, ही चार उत्तरे हाती नसतील, तर बयाणा देऊ नये.