तिसऱ्या वर्षाची शाळा

मूल तीन वर्षांचें झालें कीं घरोघरीं एक वाद हटकून सुरू होतो. त्यास खाजगी शिशुशाळेंत घालावें कीं नाहीं, आणि घालावयाचें तर कोणत्या? वसई-विरारच्या बाजूस हा प्रश्न हल्लीं मुंजीच्या मुहूर्ताहून अधिक चर्चिला जातो. स्टेशनापासून घरापर्यंत चालत यावें, तों वाटेंत तीनचार तरी पाट्या दिसतात. भिंतीवर ससे, फुलपांखरें आणि इंग्रजी अक्षरें रंगविलेलीं असतात. दारावर ‘प्रवेश चालू आहेत’ अशी सूचना असते. वाद घालणारांच्या भूमिकाहि बहुतेक घरीं ठरलेल्या. चिरंजीव म्हणतात, नामांकित शाळेच्या शिशुवर्गांत आतांच जागा धरली नाहीं, तर पुढें पहिलींत प्रवेश मिळणार नाहीं. सूनबाई म्हणतात, मूल चार तास चांगल्या ठिकाणीं असलें म्हणजे कचेरींत जीव स्वस्थ राहील. आजोबा म्हणतात, एवढ्याशा पोरास शाळा कसली? आमचीं मुलें काय अडाणी राहिलीं? आजीस कोणी विचारीत नाहीं; आणि दिवसभर मुलामागें धांवण्याचें काम तर तिच्याच वांट्यास आलेलें असतें. तिघांच्या बोलण्यांत थोडथोडें तथ्य आहे, आणि आजीच्या न बोलण्यांत पुष्कळच. तेव्हां सर्वांच्या बाजू क्रमानें पाहूं.

प्रथम आजोबांची. आपल्याकडे अक्षरारंभाचा काळ पांचवें वर्ष मानीत. कालिदासानें रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत रघूच्या बालपणाचें वर्णन केलें आहे. चौलसंस्कारानंतर तो लिपि शिकला असें तेथें सांगितलें असून, त्यावर टीका करतांना मल्लिनाथानें पांचव्या वर्षाचेंच वचन दिलें आहे. आजोबांचा पक्ष येथवर बळकट आहे. परंतु त्याच स्थळीं कवीनें आणखी एक गोष्ट सांगितली आहे, तिकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. रघु एकटा शिकला नाहीं. त्याच्या वयाचे अमात्यपुत्र त्याच्याबरोबर होते. राजवाड्यांत माणसांची वाण नव्हती. तरीहि राजपुत्रास समवयस्क सोबती लागले.

पूर्वींच्या घरांत हे सोबती अनायासें मिळत. निर्मळ, आगाशी, पापडी येथील जुन्या घरांपुढें सारवलेलें अंगण, मागें केळींची वाडी, आणि एका छपराखालीं चुलत-मावस भावंडांचा मेळा. चिंचोके मोजतां मोजतां अंक येत, आजीच्या मागोमाग म्हणतां म्हणतां स्तोत्रें पाठ होत, आणि भांडतां भांडतां दुसऱ्याचाहि खेळण्यावर हक्क असतो हें कळे. शिशुशाळा आज जें शिकवूं म्हणते, त्यांतील बहुतेक तें अंगणच शिकवीत असे. आतां तें अंगण किती घरांस उरलें आहे? पांचव्या मजल्यावरील दोन खोल्यांत एक मूल आणि एक आजी. आजीचे गुडघे दुखूं लागले कीं मोबाइल मुलाच्या हातीं जातो, आणि यांत तिला बोल लावणें अन्यायाचें आहे. तिनें एकदां आपलीं मुलें वाढविलीं. साठी उलटल्यावर पुन्हा तीच नोकरी, तीहि रजेवांचून, तिनें पत्करावी असा कोणाचा हक्क आहे? तेव्हां आजोबांनीं शाळेची तुलना करावयाची ती जुन्या अंगणाशीं नव्हे, तर आजच्या या दोन खोल्यांशीं.

आतां सूनबाईंची बाजू. विरार ते चर्चगेट हें अंतर सुमारें ६० किलोमीटर आहे. कचेरीचे आठ तास, गाडीचे जाऊन-येऊन तीन, आणि स्टेशनापर्यंतची पायपीट निराळी. अशा स्त्रीस ‘मुलासाठीं घरीं बैस’ म्हणणें सोपें आहे. पण घराच्या कर्जाचा हप्ता तिच्याहि पगारांतून जातो, हेंहि त्याच तोंडानें सांगावें. तथापि हिशेब नीट केला पाहिजे. शिशुशाळा तीन-चार तासांची, आणि आईची अनुपस्थिति बारा तासांची. उरलेले आठ तास कोणी तरी सांभाळावेच लागतात. म्हणजे शिशुशाळेनें आईचा प्रश्न सुटत नाहीं. आजीला सकाळची थोडी उसंत मिळते, एवढेंच. ज्या घरीं आजी नाहीं, तेथें खरी गरज चांगल्या पाळणाघराची आहे. त्याची चौकशी स्वच्छता, मायाळूपणा आणि माणसांची संख्या पाहून करावी. अभ्यासक्रमाच्या कागदावरून करूं नये. दोन निराळ्या गरजा एकाच फीमध्यें भागतील या आशेनें अनेक जण फसतात.

राहिले चिरंजीव. प्रवेशाची त्यांची भीति अगदींच खोटी नाहीं. मोठ्या शाळांत शिशुवर्गांतूनच पहिलीच्या जागा भरतात, हा अनुभव पुष्कळांचा आहे. परंतु या भीतीची किंमत मूल भरतें. फी घेतली म्हणजे कांहीं तरी दाखविलें पाहिजे असें शाळेस वाटतें. आणि आईबापांस दाखविण्याजोगी वस्तु म्हणजे भरलेली वही. वास्तविक तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाचीं सर्व हाडें अद्याप तयार झालेलीं नसतात, बोटांच्या लहान स्नायूंवर ताबा आलेला नसतो. मातीचे गोळे वळणें, मणी ओंवणें, कागद फाडणें, वाळूंत रेघोट्या ओढणें, हेंच त्या हाताचें लेखन होय. त्याऐवजीं इंग्रजी अक्षरांच्या ओळीच्या ओळी गिरवून घेतल्या, तर हात अवघडतो आणि अभ्यासाचा कंटाळा मात्र लवकर शिकला जातो. चाळीस वर्षें वर्गांत उभें राहिल्यावर आम्ही एवढें निश्चयानें सांगूं शकतों कीं, पहिलींत येणाऱ्या मुलांत आधीं वाचावयास शिकलेलें आणि न शिकलेलें हा भेद दोन-तीन वर्षांत पुसला जातो. पण शाळेस भिणारें आणि शाळेंत रमणारें हा भेद फार दिवस टिकतो.

कायद्यानें येथें फारसें रक्षण होत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीचें शिक्षण दिलें, आणि शाळाप्रवेशाच्या वेळीं मुलाची किंवा आईबापांची परीक्षा घेण्यास मनाई केली. पण सहा वर्षांखालील मूल त्या हक्काबाहेर राहिलें. आणि केवळ शिशुवर्ग चालविणारी स्वतंत्र संस्था त्या कायद्यांतील ‘शाळा’ या संज्ञेंत बसत नाहीं. २००२ सालीं झालेल्या ८६ व्या घटनादुरुस्तीनें सहा वर्षांपर्यंतच्या बालकांच्या संगोपनाचा व शिक्षणाचा भार राज्यावर टाकला, तोहि मार्गदर्शक तत्त्व म्हणून. १९९३ सालीं प्रा. यशपाल यांच्या समितीनें शिशुवर्गासाठीं मुलांच्या परीक्षा व मुलाखती बंद कराव्या असें सुचविलें होतें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें पहिलीपूर्वींचीं तीन वर्षें शिक्षणाच्या पायांत धरलीं. तें शिक्षण खेळांतून व्हावें, आणि शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत घरच्या भाषेंत व्हावें, असें म्हटलें. कागदावर सर्व कांहीं उत्तम आहे. पाहणी मात्र आईबापांनाच करावी लागते.

ती पाहणी कशाच्या आधारानें करावी? यासाठीं शिशुशाळा मुळांत कशासाठीं निघाली, तें आठवावें. फ्रोबेल या जर्मन गुरूनें १८४० सालीं आपल्या शाळेस ‘किंडरगार्टन’ हें नांव दिलें. त्याचा अर्थ मुलांचा बगीचा. आज ज्या दोन इंग्रजी अक्षरांच्या वर्गांत आपण मुलांस वह्या भरावयास बसवितों, त्यांतील दुसरें अक्षर बागेचें आहे! मादाम माँटेसोरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरांत पहिलें बालगृह उघडलें, तें श्रीमंतांच्या वस्तींत नव्हे. आईबाप कामावर गेल्यावर जीं मुलें जिन्यांवर भटकत, त्या गोरगरिबांच्या मुलांसाठीं. आमच्या सूनबाईंचा प्रश्न तो हाच.

हा विचार आपल्याकडे ज्यांनीं रुजविला, त्यांचें कार्यक्षेत्र आपल्याच जिल्ह्यांत आहे, हें वसईकरांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असतें. गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरास बालमंदिर सुरू केलें. ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या, आणि १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला. ताराबाईंनीं १९३६ सालीं दादरला शिशुविहार उघडला. तेथें सुशिक्षितांचीं मुलें येत. परंतु खेड्यांतील मुलास हें शिक्षण कसें पोंचणार, या प्रश्नानें त्यांस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. १९४५ सालीं त्यांनीं डहाणू तालुक्यांतील बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. पुण्याची शिक्षिकेची नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांच्या साहाय्यास आल्या. बालपणींच वैधव्य आलेल्या आणि शिकून उभ्या राहिलेल्या या बाईंनीं उरलेलें आयुष्य या कार्यास वाहिलें. १९५७ सालीं केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलें. विरारहून डहाणू रोड स्टेशन सुमारें ६४ किलोमीटर. म्हणजे चर्चगेटला रोज जाणाऱ्यास हें अंतर कांहींच नव्हे.

तेथें काय घडलें तें लक्षांत घेण्याजोगें आहे. बालवाडी उघडली, पण मुलें येईनात. कोणी धाकटें भावंड संभाळी, कोणी गुरें राखी. तेव्हां शिक्षिकाच वस्तींत गेल्या. घरापुढच्या अंगणांत मुलें गोळा करावीं, त्यांस न्हाऊं घालावें, केस विंचरावे, मग गाणीं, गोष्टी, खेळ. अंगणांत भरते म्हणून ती अंगणवाडी. गुरें राखणाऱ्यांसाठीं कुरणशाळा निघाली. कोसबाडास पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणून त्यास विकासवाडी म्हटलें. धाकटें पाळण्यांत राहिलें कीं थोरलें वर्गांत बसूं शके. परदेशीं बनावटीच्या महागड्या साधनांच्या जागीं शिंपले, खडे, पानें, बिया आल्या. ताराबाईंस १९६२ सालीं पद्मभूषण आणि अनुताईंस १९८५ सालीं पद्मश्री हा मान मिळाला. ताराबाई १९७३ सालीं व अनुताई १९९२ सालीं निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हां तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेंच नांव मिळालें.

ही अंगणवाडी आज आपल्याहि वस्तीजवळ असते. पण सुशिक्षित घरांत ‘ती आपल्यासाठीं नाहीं’ असें न पाहतांच ठरविलेलें असतें. तिच्या उणिवा आम्ही झांकीत नाहीं. जागा अपुरी, आणि एकाच सेविकेवर आहार, लसीकरण, वजनें व नोंदी यांचा भार. मग गाणीं-गोष्टींस वेळ किती उरणार? तरी एकदां जाऊन बसावें. सेविका मनापासून काम करणारी असेल, तर घराजवळ, घरच्या भाषेंत आणि फीवांचून मुलास जें मिळतें, तें पुष्कळ झगमगीत वास्तूंत मिळत नाहीं. शिवाय शिकलेलीं माणसें जेथें आपलीं मुलें धाडतात, तेथें सुधारणेचा आग्रहहि आपोआप धरला जातो.

खाजगी शाळाच पहावयाची असेल, तर आमची सूचना अशी. मालकांच्या दालनांत न बसतां वर्ग चालू असतांना अर्धा तास बाहेर उभें राहावें. मुलांचा आवाज ऐकूं येतो कीं बाईंचा? बाई मुलांस नांवानें हांक मारतात काय? रडणाऱ्या मुलास कोणी उचलून घेतें काय? माती, पाणी, वाळू यांस हात लावण्याची मोकळीक आहे काय? घरची भाषा बोलल्याबद्दल कोणी दटावीत नाहीं ना? शौचाची जागा स्वच्छ आहे काय, आणि तेथें मुलास कोण नेतें? शेवटीं अंतर पहावें. आपल्याकडील पावसाळ्यांत नालासोपाऱ्याचे आणि वसईचे रस्ते कसे तुंबतात, तें सांगावयास नको. तीन वर्षांच्या मुलाची शाळा चालत जाण्याजोगीच असावी. या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर चौथ्या वर्षापासून मूल खुशाल धाडावें. घरीं खेळगडी असतील, तर तोंवर थांबल्यानें कांहीं बिघडत नाहीं. मूल अगदीं एकटें असेल, तर तिसऱ्या वर्षींहि धाडावें. मुलाखतीची तयारी करून घेणारी आणि पहिल्याच महिन्यांत वही दाखविणारी शाळा मात्र फुकट मिळाली तरी नको.

आणि उरलेल्या वेळाचें काय? यावर कोसबाडचाच उपाय आम्हांस सुचतो. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेस आवार असतें. तेथें आज मोटारी उभ्या राहतात. त्यांतील एक कोपरा मोकळा करावा. पांच घरांनीं एकत्र यावें आणि पांच वार वांटून घ्यावे. सायंकाळीं एक तास, ज्या घराचा वार त्या घरच्या आजी-आजोबांनीं सर्व मुलें घेऊन बसावें. सोमवारीं एकानें गोष्ट सांगावी, मंगळवारीं दुसऱ्यानें माती कालवावी, बुधवारीं तिसऱ्यानें पानें ओळखावयास शिकवावें. प्रत्येकाचे गुडघे आठवड्यांतून एकदांच दुखतील, आणि मुलास रोज चार सोबती मिळतील. यास फी नाहीं, प्रवेशपरीक्षा नाहीं, आणि परवानगी हवी ती केवळ शेजाऱ्यांची. येत्या पावसाळ्यानंतर ज्यांस जमेल त्यांनीं हा प्रयोग एका आवारांत तरी करून पहावा.