मेलेले ढोर कोणाचे?

बैल गोठ्यात उभा असतो तोवर त्याला मालक असतो. तो रात्रीतून मरून पडला की सकाळी त्याचा मालक कोणीच राहत नाही. खेड्यात त्याला दोर बांधून शिवाराबाहेर ओढून टाकतात, शहरात नाकाला पदर लावून महानगरपालिकेच्या गाडीची वाट पाहतात, आणि तो दृष्टीआड झाला म्हणजे प्रश्न सुटला असे समजतात. बडनेरा एका अंगाने जंक्शनचे शहर आणि दुसऱ्या अंगाने कपाशीच्या शिवाराला लागलेले गाव. शेतकऱ्याचे मेलेले जनावर आणि खाटकाच्या व कोंबडीविक्रेत्याच्या दुकानातील टाकाऊ भाग, हे दोन्ही प्रश्न अशा गावाच्या वेशीवर एकत्र येतात. सकाळच्या पत्रात असला विषय काढल्याबद्दल काही वाचक नाक मुरडतील. परंतु याच जिल्ह्यात शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी घाण पाहून तोंड फिरवले नाही, हाती खराटा घेतला. त्यांच्या जिल्ह्यातील वाचकांस हा विषय अनुचित वाटू नये.

काहीही वाया न घालविण्याची विद्या वऱ्हाडच्या व्यापाऱ्यास शिकवावयास नको. कापसातून रुई निघाल्यावर सरकी उरते. तिचे तेल निघते, पेंड गुरांच्या दावणीला जाते, आणि शेतात उरलेली पऱ्हाटी चुलीत जाते. बोंडातला एवढासा दाणाही जो व्यापारी सोडीत नाही, त्याच्याच गावात तीन-चारशे किलोचे जनावर खड्ड्यात जाते, यास काय म्हणावे? मेल्या म्हशीला मणभर दूध, असे आपण थट्टेने म्हणतो; पण मेल्या म्हशीजवळ देण्यासारखे खरोखरच पुष्कळ असते.

ते घेण्याच्या धंद्यास रेंडरिंग म्हणतात. त्याची रीत समजण्यास सोपी आहे. जनावराच्या शरीरात सुमारे 60 टक्के पाणी असते. उरलेल्यात मुख्यत्वे चरबी, मांस व हाडे. कातडे काढून घेतल्यावर बाकीचा भाग बारीक करून बंद भांड्यात वाफेच्या उष्णतेने शिजवितात. पाणी उडून जाते, चरबी वितळून वेगळी निघते, आणि उरलेला चोथा दाबून, दळून त्याची कोरडी भुकटी होते. युरोपातील एका कडक नियमाप्रमाणे तुकडे 50 मिलिमीटरपेक्षा मोठे नसावेत आणि 133 अंश उष्णता तिप्पट दाबाखाली 20 मिनिटे द्यावी, असे ठरलेले आहे. चरबी साबणाकडे व इंधनाकडे जाते, भुकटी खताकडे. हाडांत फॉस्फरस असतो. आणि फॉस्फेटचा खनिज दगड आपल्या देशाला बहुतांशी परदेशांतून आणावा लागतो, हे खतांचे व्यापारी जाणतातच. मांसासाठी कापलेल्या जनावराचीही हीच गोष्ट. त्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग माणूस खात नाही. दाणा, पाणी व चारा खर्चून जे वाढविले त्याचा एवढा वाटा कुजू देणे ही अन्नाचीच नासाडी होय. केरळात कोंबडीच्या दुकानांतील टाकाऊ भागासाठी असे कारखाने निघाले आहेत. आपल्याकडे निघू नयेत असे काय आहे?

येथे आम्हांस कटू सत्य सांगणे भाग आहे. यंत्र मिळणे कठीण नाही. हे काम आपण धंदा न मानता जात मानली, ही खरी अडचण होय. मेलेले ढोर ओढणे हे महारांचे व कातडे कमावणे हे चर्मकारांचे काम, असे गावगाड्याने ठरविले, आणि ते करणाऱ्यासच अस्पृश्य म्हटले. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस टाकून देण्याची शिकवण दिली, आणि ढोर ओढण्याच्या सक्तीस नकार मिळू लागला. तेव्हा या लोकांचे उत्पन्न बुडेल असा कळवळा काहींना आला. एवढा लाभ असेल तर तो तुम्हीच घ्या, असे त्यांचे उत्तर होते. त्या उत्तरास समाजाने अद्याप प्रत्युत्तर दिलेले नाही. जुनी सक्ती सुटली हे योग्यच झाले. पण तिच्या जागी सार्वजनिक व्यवस्था उभी राहिली नाही. जुलै 2016 मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात मारहाण झाली. काम करावयाचे त्यांनीच, आणि मारही खावयाचा त्यांनीच, हा कोणता न्याय?

दुसरा मार्ग फार दूर शोधावा लागत नाही. बडनेऱ्याहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच वर्धा आहे. गांधीजींच्या प्रेरणेने 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे तेथे होते. त्याच काळात वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालविले. मेलेल्या जनावराचे कातडे, चरबी, हाडे यांचा पुरा उपयोग करणे ही गोसेवाच होय, अशी त्या मंडळींची धारणा होती. ज्यांस गाईच्या देहाला यंत्र लागणे धर्माविरुद्ध वाटते त्यांनी हा दाखला ध्यानी घ्यावा. शिवाय मार्च 2015 पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीसही बंदी आहे. त्या कायद्याच्या योग्यायोग्यतेचा वाद आम्ही येथे घालीत नाही. पण म्हातारे बैल आता गोठ्यात किंवा रस्त्यावर मरणार, म्हणून त्यांच्या देहाची व्यवस्था करणे हे तो कायदा मानणाऱ्यांचेही कर्तव्य ठरते.

पूर्वी हे काम गिधाडे फुकट करीत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने ती मेली. 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे 99 टक्क्यांहून अधिक घटली. औषधावर बंदी आली ती 2006 साली. गिधाडांची जागा कुत्र्यांनी घेतली. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाप्रमाणे, गिधाडे नाहीशी झाल्यामुळे 2000 ते 2005 या काळात देशात सुमारे 5 लाख अधिक माणसे दगावली. उघड्यावर टाकलेल्या ढोराची किंमत कोण भरतो, हे यावरून दिसते.

धोके नाहीत असे आम्ही म्हणत नाही. फाशीच्या रोगाने मेलेले जनावर तर मुळीच फाडू नये; त्या रोगाचे बीज मातीत अनेक वर्षे जिवंत राहते. 2022 सालच्या लंपीच्या साथीने अमरावती, अकोला व बुलढाणा हे जिल्हे पोळले. अशा वेळी पशुवैद्याच्या दाखल्यावाचून एकही जनावर कारखान्यात जाता कामा नये. इंग्लंडात गुरांनाच गुरांची भुकटी चारली, त्यातून 1986 साली उघडकीस आलेला गाईंचा मेंदूरोग फैलावला. म्हणून मेलेल्या ढोरांची भुकटी खताकडेच जावी, दावणीकडे कधीही नाही. 1983 साली वनस्पती तुपात गुरांच्या चरबीची भेसळ उघडकीस येऊन देशभर क्षोभ झाला होता. तेव्हा चरबीचा प्रत्येक डबा कोठून निघाला व कोठे गेला याची वही उघडी असली पाहिजे. आणि जागेचा प्रश्न तर सर्वांत बिकट. लुधियान्याजवळ नूरपूर बेट येथे 2021 साली असा कारखाना बांधून तयार झाला, पण गावकऱ्यांच्या विरोधामुळे पुढे वर्षानुवर्षे कुलपात राहिला. गावास आधी विश्वासात न घेता उभारलेल्या कारखान्याची हीच गत व्हावयाची.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. अमरावती महानगरपालिका व जिल्हा परिषद यांनी मिळून जिल्ह्यासाठी एक कारखाना काढावा. वस्तीपासून दूर, दुर्गंधी कोंडून थंड करणाऱ्या यंत्रासह, आणि शेजारच्या गावांस आधी सर्व दाखवून. जनावर उचलण्यास यांत्रिक गाडी असावी, आणि मांस व कोंबडीच्या दुकानांतील टाकाऊ भागही त्याच कारखान्यात जावा. कामावरील माणसे जाहिरातीने, पगाराने, हातमोजे व लसटोचणीसह नेमावीत. अर्जात जात पाहून नव्हे. आणि पहिली काही वर्षे तोटा आला तर तो स्वच्छतेचा खर्च समजून सोसावा. झाडूवाल्याकडून आपण नफ्याची अपेक्षा करतो काय?

ज्यांनी त्या ढोराचे दूध प्याले, ज्यांनी त्याच्या खांद्यावर जू ठेवले, त्या सगळ्यांचे ते मेल्यावरही आहे. त्याचा दोर एकाच जातीच्या हाती देऊन बाकीच्यांनी हात धुण्याचे दिवस गेले, हे आमच्या नगरपित्यांनी व व्यापाऱ्यांनी जितक्या लवकर ओळखावे तितके बरे.