कृतज्ञतेची वही आणि देण्याचा हिशेब

रोज रात्री निजण्यापूर्वी दिवसभरात लाभलेल्या चार चांगल्या गोष्टी वहीत लिहाव्यात, त्याने झोप चांगली लागते आणि प्रकृतीच्या तक्रारी कमी होतात, असा सल्ला अलीकडे वारंवार कानी पडतो. श्रमिकांच्या चळवळीतील कार्यकर्ता अशा सल्ल्याकडे संशयाने पाहतो. तो संशय अनाठायी नाही; परंतु संशयालाही वस्तुस्थितीचा आधार हवा.

वस्तुस्थिती अशी की, रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅक्कलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली यासंबंधीचे प्रयोग प्रसिद्ध केले. दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, उपकृत वाटावे अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिणाऱ्यांनी, कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा कमी शारीरिक तक्रारी सांगितल्या व अधिक व्यायाम केला. स्नायू व मज्जातंतूंच्या विकाराने ग्रस्त असलेल्यांनी तीन आठवडे रोज अशी नोंद केली, तेव्हा त्यांची झोप सुधारली. मात्र २०२० साली २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा नैराश्य व चिंता यांवरील परिणाम अल्पच आढळला. म्हणजे वहीचा उपयोग आहे. पण ती औषधाची जागा घेऊ शकत नाही, आणि पोटभर अन्नाची तर नाहीच नाही.

कृतज्ञतेचा नित्यनेम आपल्या मातीला नवा नाही. १९२० साली रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी स्वाध्याय परिवाराला त्रिकाल संध्या शिकवली: उठताना, जेवताना आणि निजताना ईश्वराचे कृतज्ञ स्मरण. त्याच्या शेजारच्या पेण तालुक्यातील गागोद्याला १८९५ साली विनोबा जन्मले. भूदानात त्यांनी जमीनदाराला सांगितले की, पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. दान म्हणजे उपकार नव्हे, न्याय्य वाटणी होय, हा त्यांचा अर्थ होता. भूदानाच्या मर्यादा समाजवाद्यांनी वेळोवेळी दाखवल्या आहेत; तरी स्मरणाकडून वाटणीकडे जाणारी ही वाट महत्त्वाची आहे. आजच्या वहीत नेमकी तीच हरवली आहे.

त्या वहीत सूर्योदय येतो, गरम चहा येतो, आरोग्य येते. माणसे क्वचितच येतात. पेणची गणेशमूर्ती घरी आणणारा मूर्तीचे डोळे पाहून प्रसन्न होतो. त्या डोळ्यांची आखणी करणारा हमरापूर-जोह्याचा हात त्याला आठवतो काय? ताटातला भात गोड लागतो. खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून चिखलात उभे राहून बांध घालणारा शेतकरी आठवतो काय? धाटावच्या रसायन कारखान्यांत तयार झालेला माल देशभर जातो; त्या वाफांत पाळी करणारा कंत्राटी कामगार कोणाच्या वहीत असतो?

धोका याहूनही पुढचा आहे. उद्या एखाद्या मालकाने पगारवाढीऐवजी अशा वह्या वाटल्या आणि 'नोकरी आहे याबद्दल आभार माना' असे शिकवले, तर ती कृतज्ञता राहणार नाही. ती लाचारी होईल. श्रमाचा मोबदला हा उपकार नसतो, म्हणून त्याचे आभारही मानायचे नसतात. ज्याच्या छातीत रसायनाची वाफ जाते, त्याला वहीपूर्वी मुखपट्टी, वैद्यकीय तपासणी आणि कायम नेमणूक हवी. त्याच्या तक्रारीची नोंद हीदेखील आरोग्याचीच नोंद आहे.

मग वही टाकून द्यावी काय? नाही. महाराष्ट्रात तिचा एक चांगला अर्थ यापूर्वीच लावला गेला आहे. १९८० च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर आदींच्या पुढाकाराने सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. 'लग्नाची बेडी' या नाटकाचे प्रयोग करून पैसा जमवला गेला आणि पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले. समाजाने आपले देणे ओळखले आणि ते फेडण्याची व्यवस्था केली.

म्हणून वही अवश्य लिहावी. पण तिला दोन रकाने असावेत. पहिल्यात, आजचा दिवस ज्यांच्या श्रमावर उभा राहिला त्या माणसांची नावे. दुसऱ्यात, त्यांचे आपल्याकडे काय येणे आहे, त्याचा हिशेब. पहिल्या रकान्याने आपल्याला झोप लागेल. दुसऱ्याने कदाचित थोडी मोडेलही. पण ज्यांच्यामुळे आपण निजतो, त्यांनाही निवांत झोप मिळावी यासाठी तेवढे जागरण आपण केलेच पाहिजे.