मेंदूतली चिप की फवारणी करणाऱ्याचे रक्त? पीएच.डी.च्या विषयाबद्दल थोडे

धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला खान्देशातून माणसे येतात. १९३७ साली खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब तिथे मुक्कामी होते, त्याची ती आठवण. त्याच सुमारास जळगाव-धुळ्यातल्या आपल्या घरांत प्रवेशाची धावपळ चालू असते. हल्ली जैवतंत्रज्ञान किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली मुले-मुली पुढच्या संशोधनासाठी एकच विषय सांगतात, मेंदू आणि संगणक जोडणारे तंत्र. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंकने माणसाच्या मेंदूत पहिली चिप बसवली, तेव्हापासून हे वेड वाढले आहे.

वेडाला आमचा विरोध नाही. आपल्या मुलांनी दुय्यम विषय घ्यावेत, असे तर मुळीच म्हणायचे नाही. पण मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या कामाला न्यूरोसर्जन, प्राणिगृह, सूक्ष्म इलेक्ट्रोड बनवणारी प्रयोगशाळा आणि कोट्यवधी रुपये लागतात. ज्याला ते करायचेच आहे त्याने गेट द्यावी, आयआयटी मुंबई किंवा बंगळूरची निम्हान्स गाठावी. इथेच राहून करणाऱ्याने इथे काय आहे ते आधी पाहावे.

इथे १९९० साली सुरू झालेले विद्यापीठ आहे, जे आज कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाने चालते. त्यात जीवशास्त्र, रसायन, संगणक हे विभाग आहेत. धुळ्यात आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. आणि सभोवती कापूस आहे.

कापसावर फवारली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे किडीच्या मज्जासंस्थेवर घाव घालतात, आणि माणसाच्याही. एका मज्जातंतूकडून पुढे निरोप नेणारे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. निरोप पोचला की एक विकर, कोलिनएस्टरेज, त्याचे तुकडे करते. औषध या विकरालाच जखडते. मग निरोप थांबतच नाही. तोंडाला लाळ सुटते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास बंद पडतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पाठीवर पंप घेऊन रोजाने जाणारा माणूस बहुतेक वेळा भूमिहीन असतो आणि तो कोणत्या वस्तीतला असतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

रक्तातले हे विकर मोजता येते. अडचण अशी की निरोगी माणसांतही त्याचे प्रमाण कमी-जास्त असते. त्यामुळे एकदा मोजून फारसे कळत नाही. हंगामाआधीचा त्याच माणसाचा आकडा हाताशी लागतो. बोटातल्या थेंबभर रक्तावर गावातच चालेल, साखर तपासण्याच्या यंत्रासारखे स्वस्त आणि खान्देशातल्या उन्हाळ्यात बिघडणार नाही असे उपकरण बनवणे, हा जैवअभियांत्रिकीचा आणि मज्जासंस्थेचा अस्सल विषय आहे. त्याला रसायन लागते, सर्किट लागते, डॉक्टर लागतो, आणि तिन्ही जळगाव-धुळ्यात आहेत.

दुसरा विषय सिकलसेलचा. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत तो आहे, विदर्भातल्या आपल्या समाजातही आहे. या आजारात लहान मुलाला पक्षाघात होऊ शकतो. कवटीवरून ध्वनिलहरींनी मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजतात. तो सेकंदाला २०० सेंटिमीटरवर गेला तर धोका मोठा, असे अमेरिकेतल्या अभ्यासातून ठरले. नियमित रक्त दिल्याने तो धोका खूप घटतो, हे १९९८ मध्ये दिसले. पण ती मुले अमेरिकेतली, आफ्रिकी वंशाची. आपल्याकडच्या सिकलसेलचा जनुकीय प्रकार बराचसा वेगळा आहे. तीच रेषा इथे लागू पडते का, हा प्रश्न धुळ्यात बसून विचारण्यासारखा आहे. केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ पासून चालू आहे, त्यामुळे तपासण्या होतच आहेत.

विषयाचा पैशांशी संबंध आहे, म्हणून आम्ही हे लिहितो. बार्टीच्या फेलोशिपसाठी २०२३ मध्ये संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, असे विचारले. फेलोशिप वर्षभर अडकली की महागड्या सामग्रीवरचे काम जागीच थांबते. थेंबभर रक्त आणि हजारो रुपयांत होणारे सर्किट असेल तर ते कसेबसे चालू राहते. बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून यावे लागले. १९२० मध्ये स्वतःची बचत आणि मित्रांची मदत घेऊन ते परत गेले आणि प्रबंध लिहिला तो रुपयाच्या प्रश्नावर, इथल्या लोकांच्या खिशाशी थेट भिडणाऱ्या विषयावर.

नोंदणीआधी मार्गदर्शकांना विचारा, तुमच्याकडे आजवर किती जणांची पदवी पूर्ण झाली आणि किती वर्षांत? वैद्यकीय महाविद्यालयातले सहमार्गदर्शक लेखी मिळतील का? मजुरांचे किंवा आदिवासी मुलांचे रक्त घेणार असाल तर संमतीपत्र मराठीत, गरज असेल तिथे अहिराणी-पावरीत समजावून घ्या, आणि अहवाल त्या घरी परत पोचवा. आपल्या लोकांचे नमुने नेऊन कोणी परत फिरकले नाही, असे आपण पुष्कळ ऐकले आहे.

आणि तारीख जपा. कपाशीवरची फवारणी पावसाळ्यात सुरू होते, म्हणजे पहिले नमुने एप्रिल-मेमध्येच घ्यायला हवेत. त्यासाठी नैतिकता समितीची मंजुरी मार्चपर्यंत हातात पाहिजे, आणि तो अर्ज दिवाळीच्या आत गेला पाहिजे. नाहीतर पूर्ण हंगाम, म्हणजे फेलोशिपचे एक वर्ष, हातचे जाते.