विश्लेषण : रॅम महागली, लग्नसराई ऐन भरात… फोटो एडिटिंगचा संगणक आता घ्यावा की थांबावे?

जासईजवळच्या दास्तान फाट्यावरून न्हावा-शेवा बंदराकडे रात्रंदिवस कंटेनरचे ट्रेलर जात-येत असतात. बंदर दाराशी असले तरी तिथून येणारा माल गावात स्वस्त मिळत नाही आणि संगणकाच्या बाबतीत तर सध्या तो कुठेच स्वस्त नाही. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे दर जगभर भडकले आहेत. जासई, चिर्ले, गव्हाण, उलवे या पट्ट्यात लग्ने, हळदी, साखरपुडे यांची कामे घेणाऱ्या फोटोग्राफरसाठी ही वेळ वाईट आहे, कारण कॅमेऱ्यानंतरची त्याची सर्वांत मोठी गुंतवणूक संगणकातच असते. दर का वाढले आणि हातात मोजके पैसे असताना ते नेमके कुठे घालावेत, याचा हा आढावा.

रॅम इतकी महागली कशामुळे?

जगातील बहुतांश डीरॅम, म्हणजे संगणकाच्या रॅममध्ये वापरली जाणारी चिप, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणारी ‘एचबीएम’ ही वेगवान मेमरीही याच तिघी बनवतात. एचबीएममध्ये नफा जास्त आहे, पण तेवढ्याच क्षमतेच्या साध्या रॅमच्या तुलनेत तिला सुमारे तिप्पट सिलिकॉन वेफर लागतात. कारखान्याची क्षमता तीच राहिली आणि त्यातला मोठा वाटा डेटा सेंटरकडे वळला, तर घरगुती संगणकासाठी उरणार किती? ऑक्टोबर २०२५ नंतरच्या काही महिन्यांतच जागतिक किरकोळ बाजारात ३२ जीबी डीडीआर५ रॅमच्या जोडीचा दर दुपटीहून अधिक झाला.

३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने आणखी एक घोषणा केली. ‘क्रुशियल’ या नावाने ग्राहकांना थेट रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसाय कंपनी बंद करत आहे. असेंबल्ड पीसी बनवणाऱ्यांमध्ये हा ब्रँड अनेक वर्षे भरवशाचा मानला जात होता. एसएसडीमधील नँड चिपवरही हाच ताण आहे. नवे कारखाने उभारून त्यातून माल बाहेर पडायला काही वर्षे जातात. त्यामुळे ‘दोन महिने थांबू, दर उतरतील’ या हिशेबाला सध्या फारसा आधार नाही.

भारतात त्यावर काय भर पडते?

पहिली भर रुपयाची. डिसेंबर २०२५मध्ये एका डॉलरचा दर ९० रुपयांच्या पुढे गेला आणि ही सारी खरेदी डॉलरमध्ये होते. दुसरी भर कराची. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारामुळे लॅपटॉप व संगणकावर मूळ सीमाशुल्क नाही, मात्र १८ टक्के जीएसटी आहे. २२ सप्टेंबर २०२५च्या दरकपातीत ३२ इंचांहून मोठे टीव्ही आणि मॉनिटर २८वरून १८ टक्क्यांवर आले, पण फोटोग्राफर वापरतात ते २४ किंवा २७ इंची मॉनिटर आधीपासूनच १८ टक्क्यांत होते. त्यांना त्या कपातीचा काहीही उपयोग झाला नाही.

इथे एक बारकावा आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या स्टुडिओला संगणकावर भरलेल्या कराची वजावट मिळते. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने नोंदणी न केलेल्या गावातल्या फोटोग्राफरला ती मिळत नाही. म्हणजे एकच संगणक मोठ्या स्टुडिओला स्वस्त आणि छोट्याला महाग पडतो.

साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आला, मग दर का उतरत नाहीत, असाही प्रश्न विचारला जातो. गुजरातमधील त्या प्रकल्पात चिपची जुळवणी आणि चाचणी होते. मूळ वेफर तिथे तयार होत नाहीत, त्यामुळे तुटवड्याच्या मुळाला त्याचा हात लागत नाही.

फोटोला एवढी मेमरी लागतेच कशाला?

मोबाइलवर फोटो सहज एडिट होतो, मग संगणकाला १६-३२ जीबी कशाला, अशी शंका ग्राहकच नव्हे तर नवखे फोटोग्राफरही काढतात. याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे.

२४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची रॉ फाइल कार्डावर साधारण २५ ते ३० एमबी जागा घेते. फोटोशॉपमध्ये १६ बिटमध्ये ती उघडली की प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन रंग आणि प्रत्येक रंगाला दोन बाइट लागतात. २ कोटी ४० लाख गुणिले सहा म्हणजे १४४ एमबी. ही झाली फक्त एका थराची, म्हणजे लेअरची किंमत. चेहऱ्यासाठी एक लेअर, पार्श्वभूमीसाठी दुसरी, रंगासाठी तिसरी असे करत एक फोटो सहज अर्धा जीबी खातो.

खरा कस लागतो अल्बमला. लग्नाच्या ‘करिझ्मा’ अल्बमचे उघडलेले पान बहुधा १२ बाय ३६ इंचांचे असते. छपाईच्या ३०० डीपीआयला ते ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल, म्हणजे जवळपास ३९ मेगापिक्सेल होते. साध्या ८ बिटमध्येही पूर्ण आकाराची एक लेअर ११७ एमबीची, तर दहा लेअर झाल्या की एकच पान ११७० एमबीवर जाते. त्यात आधीच्या बदलांची ‘हिस्टरी’ मिळवायची. शेजारी लाइटरूम आणि ब्राउझर उघडे असतातच. ८ जीबी रॅम इथे संपते आणि फोटोशॉप उरलेले काम डिस्कवर ढकलते. माउस हलवला की दोन सेकंदांनी चित्र हलते ते यामुळे. प्रोसेसर बिचारा तेव्हा मोकळाच असतो.

म्हणूनच आज १६ जीबी ही किमान पातळी आहे. अल्बम डिझाइन स्वतः करणाऱ्याने दर चढे असूनही ३२ जीबी घ्यावी आणि त्यासाठी हवे तर प्रोसेसर एक पायरी खालचा निवडावा. दुकानात बोलणे सुरू होते ते ‘आय-फाइव्ह की आय-सेव्हन’पासून. फोटोच्या कामात त्या फरकापेक्षा रॅमच्या आठ-सोळा जीबीचा फरक जास्त जाणवतो. असेंबल्ड पीसी घेताना चार स्लॉटचा मदरबोर्ड पाहून सध्या दोनच स्लॉट भरले तर पुढची वाट मोकळी राहते.

हळदीची रात्र आणि ग्राफिक कार्ड

‘फोटोसाठी ग्राफिक कार्ड लागत नाही, ते गेमवाल्यांचे काम’ हा सल्ला काही वर्षांपूर्वीपर्यंत बरोबर होता. एप्रिल २०२३मध्ये लाइटरूममध्ये एआयवर चालणारे ‘डीनॉइज’ आले आणि चित्र पालटले.

आगरी-कोळी घरांत हळद लग्नाइतकीच मोठी असते. ती रात्री होते, डीजेच्या प्रकाशझोतात आणि सतत हलणाऱ्या गर्दीत. शटर वेगवान ठेवायचे तर आयएसओ ६,४०० किंवा त्याहून वर न्यावा लागतो आणि फोटोत दाणे येतात. हे दाणे काढणारे डीनॉइज जवळपास पूर्णपणे ग्राफिक कार्डवर चालते. समजा ३०० निवडक फोटो स्वच्छ करायचे आहेत. चांगल्या कार्डावर एका फोटोला १५ सेकंद लागले तर काम सव्वा तासात उरकते. प्रोसेसरमधल्याच साध्या ग्राफिक्सवर एका फोटोला तीन मिनिटे लागली तर १५ तास. ऐन सराईत, दुसऱ्या दिवशी पुढचे लग्न असताना, हे १५ तास आणायचे कुठून?

लाइटरूम क्लासिकचा पूर्ण वेग मिळण्यासाठी कार्डावर स्वतंत्र ८ जीबी मेमरी असावी, अशी अडोबीची शिफारस आहे. मधल्या श्रेणीतील कार्ड त्याला पुरते, त्यापुढचा खर्च गेम किंवा जड व्हिडीओसाठी. पांजे किंवा उरणच्या इतर पाणथळ जागी भल्या पहाटे फ्लेमिंगो टिपणाऱ्या हौशी मंडळींनाही हेच लागू आहे. त्यांचे रात्रभराचे काम मात्र उद्यावर ढकलता येते. दिवसाउजेडी पाहणी, शाळेचे कार्यक्रम, पासपोर्ट फोटो एवढेच काम असलेल्याने कार्डाचे पैसे वाचवावेत.

चेहरे नारिंगी का होतात?

सगळ्यांत कमी पैसे जिथे घातले जातात ती वस्तू म्हणजे स्क्रीन. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे बारीक अक्षरात लिहिलेले असते. याचा अर्थ असा स्क्रीन इंटरनेट आणि छपाई लॅब ज्या एसआरजीबी रंगपट्ट्यावर चालतात त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भागच दाखवू शकतो. हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल त्यावर मरगळलेला दिसतो, म्हणून एडिटर रंग वाढवतो. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो आणि नवरीकडचे लोक तो मोबाइलच्या झगझगीत अमोलेड पडद्यावर पाहतात. तिथे नवरी नारिंगी होते!

छपाईत उलटा घोळ होतो. स्क्रीनची चमक पूर्ण ठेवून एडिट केलेला फोटो कागदावर काळवंडतो. छपाईसाठी काम करताना चमक १०० ते १२० निटच्या आसपास ठेवतात, ती दुकानातल्या मांडणीतल्या चमकेपेक्षा बरीच कमी असते. १०० टक्के एसआरजीबी दाखवणारा २४ इंची आयपीएस मॉनिटर पुरेसा आहे, ‘४के’ नसला तरी चालेल. रंग मोजून दुरुस्त करणारा कॅलिब्रेटर महिन्यातून एकदाच लागतो. चार-पाच फोटोग्राफरनी मिळून एक घ्यावा, एकट्याने त्यावर पैसे अडकवण्यात अर्थ नाही. रॅमचे दर वाढले, मॉनिटरचे तसे भडकलेले नाहीत. त्यामुळे आज हजार रुपयांमागे सर्वांत जास्त फरक इथेच पडतो.

लॅपटॉप, असेंबल्ड की मॅक मिनी?

बसून काम करणाऱ्याला असेंबल्ड पीसी परवडतो, हा जुना नियम सध्या डळमळला आहे. रॅम सुटी विकत घेणाऱ्याला दरवाढ लगेच बसते. दुकानात आधीच्या दराने आलेल्या तयार संगणकावर किंवा लॅपटॉपवर ती उशिरा पोहोचते. दोन्ही कोटेशन शेजारी ठेवूनच निर्णय घ्यावा. लॅपटॉप घेताना रॅम बोर्डावरच जोडलेली आहे का, हे विचारणे अत्यावश्यक आहे. जोडलेली असेल तर आज घेतलेले १६ जीबी शेवटपर्यंत १६च राहणार.

अ‍ॅपलच्या मॅक मिनीलाही हेच बंधन आहे. २०२४च्या अखेरीस तो १६ जीबी रॅमसह ५९,९०० रुपयांना आला. लाइटरूम त्यावर उत्तम चालते, मात्र मूळ २५६ जीबी साठवण लग्नाच्या दोन कामांत भरते. हिशेब करू. ४,००० फोटो गुणिले ३० एमबी म्हणजे एका लग्नाचे १२० जीबी. मॉनिटर आणि बाहेरची एसएसडी धरल्याशिवाय त्याची किंमत मोजूच नये.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट. १२८ जीबीचे भरलेले कार्ड जुन्या यूएसबी २.० रीडरने उतरवायला तासभर लागतो, चांगल्या यूएसबी ३.० रीडरने साधारण २५ मिनिटे. नव्या संगणकाचे लाखभर रुपये मोजून जुनाच रीडर वापरणारे कमी नाहीत.

आहे त्या संगणकावर भागेल का?

काहींचे नक्कीच भागेल. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाढीव सुरक्षा अपडेट घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत नोंदणी करून मिळतात. विंडोज ११साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर किंवा त्यापुढचा आणि टीपीएम २.० लागते. सेकंडहँड संगणक घेतानाही हीच रेषा धरावी, त्याआधीचा कितीही स्वस्त मिळाला तरी.

आठव्या पिढीचा संगणक हाताशी असेल तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, रॅम १६ जीबी आणि नवा मॉनिटर एवढ्यावर एक-दोन हंगाम निघतात. कामच हलके असेल तर तेही नको. लोकनेते दि. बा. पाटील यांचे गाव असलेल्या जासईत यंदा त्यांच्या जन्मशताब्दीमुळे जानेवारी १९८४च्या शेतकरी आंदोलनाच्या काळातील जुन्या फोटोंना नव्याने महत्त्व आले आहे. ४ बाय ६ इंचांचा असा कागदी फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला तरी फाइल साडेआठ मेगापिक्सेलच्या आसपास राहते. तिच्यावरचे ओरखडे काढायला दहा वर्षांपूर्वीचा संगणकही पुरतो.

सॉफ्टवेअरवरही बचत शक्य आहे. डार्कटेबल आणि रॉथेरपी पूर्वीपासून मोफत आहेत, ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस ‘अ‍ॅफिनिटी’ही मोफत झाले. पेनड्राइव्हवरून फिरणारे ‘क्रॅक’ फोटोशॉप फुकट वाटते, पण त्यातून आलेला व्हायरस एखाद्याच्या लग्नाचे सगळे फोटो कुलूपबंद करू शकतो.

मग घ्यायचा कधी?

काम अडलेले असेल तर आत्ताच, रॅम आणि मॉनिटर हवे तसे घेऊन. ग्राफिक कार्ड आणि जादा साठवण नंतर बसवता येते. काम अडलेले नसेल तर पावसाळ्याचे महिने हाताशी आहेत. लग्ने थांबलेली असतात, नवा संगणक शांतपणे लावून जुन्या फाइल हलवायला वेळ मिळतो आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा अजून दूर असतात.

बजेट आखताना बॅकअपची हार्ड डिस्क मात्र यादीतून कापू नये. हंगामातील वीस लग्ने १२० जीबीच्या हिशेबाने २.४ टीबी होतात. ४ टीबीच्या दोन डिस्क, एक स्टुडिओत आणि एक घरी. अल्बम ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत दोन्हींवरचा डेटा तसाच ठेवावा.