मागच्या सीटवरचा पट्टा

ज्यांनी तरुणपणी कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट चालविली, त्यांना थंडीत ओढावा लागणारा चोक आणि वळणावर खांदे भरून आणणारे जड स्टीअरिंग आठवत असेल. पुढे पॉवर स्टीअरिंगने सांध्यांचे कष्ट कमी केले. एबीएसमुळे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जखडेनाशी झाली. तथापि वैद्यकीय दृष्टीने सर्वांत मोलाची सुधारणा म्हणजे १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी आणलेला त्रिबिंदू सीटबेल्ट. धडकेचा आघात तो छाती व कमरेच्या बळकट हाडांवर विभागतो.

गारगोटीहून तपासणीसाठी कोल्हापूरला जाताना आजी-आजोबा मागे बसतात आणि पट्टा सीटकव्हरखाली दडलेलाच राहतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावरील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागे बसलेले दोघे दगावले. पोलिसांच्या माहितीनुसार दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढचे दोघे वाचले.

उतारवयात हाडे ठिसूळ होतात. म्हणूनच पट्टा नीट बसणे अधिक महत्त्वाचे. खालचा पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर असावा; वरचा मानेला न घासता खांद्याच्या मध्यावरून छातीवर यावा. पेसमेकर असला तरी पट्टा टाळू नये. टोचत असल्यास मध्ये मऊ कापडाची घडी ठेवावी. एअरबॅग हा पट्ट्याला पर्याय नव्हे.

घरच्यांनी आजच सीटकव्हरखालचे बकल बाहेर काढावे आणि प्रवासास निघताना ज्येष्ठांचा पट्टा स्वतः लावून द्यावा.