बाटल्या मोजून झाल्या? आता रक्त गाळा!

आमच्या पेण-रोह्यात रक्तदान शिबिरांना तोटा नाही. शिवजयंती, गणपती, कुणा भाऊंचा वाढदिवस... मंडप पडतो, बिस्किटं नि प्रमाणपत्रं वाटली जातात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'इतक्या बाटल्या रक्त जमा'. (बाटल्या जाऊन पिशव्या आल्या त्याला जमाना झाला, पण आपली जीभ वळत नाही.) चांगलंच आहे, मीही देतो. पण मंडळी, त्या पिशवीचं पुढे काय होतं हे कधी विचारलंय का?

रुग्णाला बहुतेक वेळा हव्या असतात तांबड्या पेशी. त्यांच्यासोबत दात्याच्या पांढऱ्या पेशीही फुकट येतात, एका पिशवीत शंभर कोटींच्या घरात. दात्याच्या अंगात त्या राखणदार, दुसऱ्याच्या अंगात घुसखोर. त्यांच्यामुळे रक्त चढत असताना थंडी वाजून ताप भरतो. सीएमव्हीसारखा विषाणू त्यांच्यातच दडून येतो. आणि पुन्हा पुन्हा रक्त घेणाऱ्याचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं, मग उद्या प्लेटलेट्स द्यायची वेळ आली तर त्या लागू पडत नाहीत.

उपाय आहे, आणि तो नवा नाही. खास फिल्टरमधून रक्त गाळलं की या पेशी पन्नास लाखांच्या खाली येतात. ब्रिटनने १९९९ पासून सगळंच रक्त गाळायला सुरुवात केली, मॅड काऊ रोगाच्या धास्तीने का होईना.

"हे श्रीमंत देशांचे थाट, आपल्याला परवडतात का?" हा प्रश्न येणारच. रास्त आहे. अमेरिकेनेही ते कायद्याने सक्तीचं केलेलं नाही. अपघातात एकदाच रक्त लागलेल्या माणसासाठी हा खर्च करावा का, यावर वाद होऊ शकतो. माझा हट्ट सगळ्यांसाठी नाहीच.

माझा हट्ट थॅलेसेमियाच्या मुलांसाठी आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त म्हणजे वर्षाला सतरा वेळा. आणि तेही जन्मभर! अशा मुलांना पांढऱ्या पेशी काढलेलंच रक्त द्यावं, असं राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यांना रक्त मोफत द्यावं, हे केंद्राने २०१४ मध्येच सांगितलंय. आता गंमत बघा. रोह्याला आमच्या नात्यातली एक मुलगी आहे. तिच्या वडिलांना एका ठिकाणी सांगितलं, "रक्त फुकट आहे, फिल्टर बाहेरून आणा." भात फुकट, ताट विकत! ज्याला परवडलं त्याने आणला, ज्याला नाही त्याच्या पोराने ताप काढला.

बरं, खाटेपाशी ऐनवेळी लावलेला फिल्टर हा दुय्यम उपायच. पिशवी शीतपेटीत पडून असते तेव्हा पांढऱ्या पेशी ताप आणणारी द्रव्यं रक्तात सोडत असतात. पेशी गाळता येतात, ती द्रव्यं नाही. म्हणून गाळायचं ते साठवण्याआधी, रक्तपेढीतच.

आणि नातेवाईकांनो, "परक्याचं कशाला, घरचंच रक्त देऊ" हा आग्रहही सोडा. जवळच्या नातलगाच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत. त्यामुळे त्या टिकतात आणि क्वचित उलटून रुग्णावरच हल्ला चढवतात. तो प्रकार बहुधा जीवघेणाच ठरतो. तिथे नुसता फिल्टरही पुरत नाही, रक्ताला किरणोत्सार द्यावा लागतो.

आपण पेणचे लोक पोहेसुद्धा चाळून, पाखडून घेतो. रक्ताच्या बाबतीत मात्र आकडा मोठा आला की खूश! पुढच्या शिबिरात हात पुढे करण्याआधी रक्तपेढीच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: "थॅलेसेमियाच्या मुलांसाठी तुम्ही साठवण्याआधी रक्त गाळता का? त्याचे पैसे कोण भरतं?" पैसे आईबाप भरत असतील, तर यंदाचा फ्लेक्स थोडा लहान करा आणि उरलेल्या पैशांत फिल्टर घेऊन द्या. भाऊंचा फोटो लहान आला तरी चालेल.